व्होल्टेज कोणत्या दोन बिंदूंमध्ये? सर्किट शिकायला लागलेल्यांसाठी

सर्किट शिकायला नव्याने आलेल्या मुलांना मी आधी सूत्रं विचारत नाही. कागदावर १२ व्होल्टची बॅटरी, एक स्विच आणि एक बल्ब काढतो आणि विचारतो, स्विच ऑफ असताना मीटर बल्बच्या दोन टोकांना लावला तर किती दाखवेल? आणि स्विचच्या दोन टोकांना लावला तर? बल्बचं उत्तर बहुतेकांचं बरोबर येतं, शून्य. स्विचलाही शून्यच, असं पुष्कळ जण सांगतात. करंटच नाही तर व्होल्टेज कुठून येणार, हा त्यांचा विचार. प्रत्यक्षात मीटर तिथे पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो.

हा एक प्रश्न नीट समजला की पुढचं निम्मं काम सोपं होतं, असं मला मनापासून वाटतं. ओहमचा नियम (व्होल्टेज = करंट × रोध) बल्बला लावून पाहा. करंट शून्य, म्हणून रोध कितीही असला तरी बल्बच्या दोन टोकांमधला फरक शून्य. म्हणजे बॅटरीच्या धन टोकाची पातळी बल्ब ओलांडून स्विचच्या एका टोकापर्यंत जशीच्या तशी पोचली. स्विचचं दुसरं टोक बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेलं. मग त्या दोन टोकांमध्ये १२ व्होल्ट असणारच. किरखॉफने १८४५ साली मांडलेला नियमही हेच सांगतो: बंद वळशात फिरून मूळ जागी आलात की सगळ्या व्होल्टेजची बेरीज शून्य व्हायला हवी. बल्बने काही घेतलं नाही, तर सगळं स्विचच्या फटीवर.

म्हणून ‘या तारेत किती व्होल्टेज आहे’ हा प्रश्न अर्धवट आहे. कोणत्या बिंदूच्या तुलनेत, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. मीटरला दोन प्रोब असतात ते यासाठीच. सर्किटच्या चित्रात ‘ग्राउंड’ म्हणून जी खूण असते तोसुद्धा आपण शून्य मानायचं ठरवलेला बिंदू. त्याच्या अंगी वेगळी काही शक्ती नसते.

घरच्या वायरिंगमध्ये हे कळणं जिवाशी निगडित आहे. न्यूट्रल, म्हणजे करंट परत जाण्याची तार, कुठेतरी तुटली आणि उपकरण चालू ठेवलेलं असेल, तर फेजची, म्हणजे पुरवठा येणाऱ्या जिवंत तारेची, पातळी उपकरणातून पलीकडे जाते आणि टेस्टर दोन्ही तारांवर पेटतो. उपकरण मात्र मेलेलं, कारण त्याच्या दोन टोकांमध्ये फरकच नाही. उपकरण बंद पडलंय म्हणून तार सुरक्षित समजून हात लावणं म्हणजे त्या तुटलेल्या फटीच्या जागी स्वतःचं शरीर जोडणं. काही दशक मिलिअँपिअर करंट छातीतून गेला तरी हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून सुरुवातीचे सगळे प्रयोग सेल आणि छोट्या बॅटरीवरच करा. मेन्सला हात घालायची घाई नको, आणि वेळ येईल तेव्हा जाणकार माणूस शेजारी हवा.

दुसरी अडचण करंटबद्दलची. बल्बने करंट ‘वापरला’ आणि उरलेला पुढे गेला, अशी समजूत फार चिवट असते. एकसर जोडणीत, म्हणजे भाग एकामागे एक जोडलेले असताना, करंट सगळीकडे सारखाच असतो; बल्बमध्ये खर्च होते ती ऊर्जा. ९ व्होल्टची बॅटरी, ४७० ओहमचा रेझिस्टर आणि लाल एलईडी जोडून पाहा. एलईडीवर साधारण २ व्होल्ट राहतात, उरलेले ७ रेझिस्टरवर, म्हणून करंट सुमारे १५ मिलिअँपिअर. आता रेझिस्टर एलईडीच्या अलीकडे लावा किंवा पलीकडे, प्रकाश तेवढाच. नळाच्या पाण्याची उपमा पुस्तकांत असते, पण ती इथे चकवते, कारण तिच्यामुळे करंट एकेका भागाला भेटत पुढे सरकतो असं चित्र डोक्यात बसतं. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून १ अँपिअर जाताना इलेक्ट्रॉन सरासरी सेकंदाला ०.१ मिलिमीटरहूनही कमी सरकतात. तरी बल्ब लगेच लागतो, कारण स्विच दाबल्याचा परिणाम जवळपास प्रकाशाच्या वेगाने सगळ्या सर्किटभर पोचतो आणि सगळीकडचे इलेक्ट्रॉन जवळजवळ एकदमच हलायला लागतात. सर्किट नेहमी अख्खं वाचायचं.

मीटरबद्दल थोडक्यात. व्होल्टेज समांतर मोजायचं, म्हणजे मीटर त्या भागाच्या दोन टोकांना लावून; करंट एकसर, म्हणजे मीटर करंटच्या वाटेतच घालून. करंट मोजायच्या जागेवर ठेवलेल्या मीटरचा रोध अगदी कमी असतो. तसाच बॅटरीला थेट लावला तर तो शॉर्ट झाला, आणि नशीब चांगलं असेल तर फक्त मीटरचा फ्यूज जातो. रोध मोजताना पुरवठा काढलेला हवा.

ढिल्या जोडाचं मात्र सविस्तर सांगतो, कारण कामावर तोच सतत भेटतो. स्क्रू सैल झाला, टर्मिनलवर गंज चढला आणि तिथे ०.५ ओहम रोध तयार झाला. दिसायला क्षुल्लक. पण १० अँपिअर वाहताना त्यावर ५ व्होल्ट पडतात आणि तिथे ५० वॉट उष्णता तयार होते, तीही एवढ्याशा जागेत. प्लास्टिक काळं पडतं, वास येतो, पुढे आग लागू शकते. साध्या मीटरने ०.५ ओहम खात्रीने पकडणं अवघड, कारण प्रोबच्या तारांचाच रोध त्याच्या आसपास जातो. म्हणून बॅटरीवरच्या जाड तारांच्या सर्किटमध्ये मी लोड, म्हणजे करंट घेणारं उपकरण, चालू ठेवतो आणि जोडाच्या अलीकडे-पलीकडे प्रोब धरून व्होल्टेज पाहतो. चांगल्या जोडावर ते जवळपास शून्य असतं. खराब जोड लगेच उघडा पडतो. लोड काढून हेच मोजलंत तर खराब जोडही निर्दोष दिसेल. कारण वर बल्बच्या हिशेबात आलंच आहे.

सरावासाठी एकच सवय लावा: प्रोब टेकवण्याआधी अपेक्षित आकडा वहीत लिहा. आकडा जुळला नाही की खरं शिकणं सुरू होतं. हे करून पाहा. ९ व्होल्टच्या बॅटरीला १ किलोओहमचे दोन रेझिस्टर एकसर जोडा आणि एकावरचं व्होल्टेज मोजा, ४.५ येईल. आता दोन्ही रेझिस्टर १ मेगाओहमचे घ्या. गणिताने उत्तर तेच, पण मीटर सुमारे ४.३ दाखवेल. पुष्कळ डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओहम असतो आणि प्रोब टेकवताच तो त्या रेझिस्टरला समांतर जोडला जातो. तो धरून कागदावर पुन्हा हिशेब मांडा आणि ४.३ येतात का ते तपासा.