दोन-तीन डेप्थ कॅमेरे सोबत चालवता? मास्टर शेवटी सुरू करा

गोठ्यात बैलाची चाल तीन बाजूंनी अझुर कायनेक्टवर (मायक्रोसॉफ्टचा डेप्थ कॅमेरा, म्हंजे समोरची वस्तू किती दूर आहे ते मोजणारा) रेकॉर्ड करायची असंल तर राजेहो, 3.5 एमएमची केबल मास्टरच्या (बाकीच्यांना सिग्नल देणारा कॅमेरा) सिंक आउटमधून पुढच्याच्या सिंक इनमध्ये लावा, तिथून तिसऱ्याला, आन् रेकॉर्डिंग आधी सबऑर्डिनेटवाल्यांचं (मास्टरच्या सिग्नलवर चालणारे बाकीचे दोन) सुरू करा, ते सिग्नलची वाट पाहत बसतात, मास्टर शेवटी. दुसऱ्याला 160 मायक्रोसेकंद, तिसऱ्याला 320 असा डिले द्या, कारण सगळ्यांचे लेझर एकाच टायमाले पेटले का डेप्थमध्ये नुसता कचरा येते. एक्सपोजर (कॅमेरा उजेड किती वेळ घेते ते) मॅन्युअल ठेवा. एकाच यूएसबी हबवर तिन्ही लटकवू नका, फ्रेम गळतात. आन् आपल्याकडचं ऊन तर माहीतच आहे, टिनाच्या फटीतून बैलाच्या पाठीवर पट्टा पडला का तेवढ्या जागेतली डेप्थ गायब, म्हून ताडपत्री बांधा नाहीतर दिवस बुडाल्यावर घ्या, लाइन असली तर.