फँटसी फुटबॉलच्या ड्राफ्टमध्ये किकर घेताना या चुका टाळा

ऑगस्ट संपत आला की अमेरिकेतल्या जवळपास प्रत्येक ऑफिसात कुणीतरी एकजण सगळ्यांना मेसेज टाकतो, फँटसी फुटबॉलची लीग काढतोय, अकरा जण झालेत, एक कमी पडतोय, येतोस का. आणि तो बारावा बऱ्याचदा आपलाच कुणीतरी असतो, एडिसनचा नाहीतर डॅलसच्या बाजूचा, जन्मभर क्रिकेट बघितलेला, एनएफएलमधलं, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या लीगमधलं, टचडाउन सोडून फारसं काही माहीत नसलेला. तो ड्राफ्टला, म्हणजे पाळीपाळीने खरे प्लेयर उचलून आपापली टीम बनवायला, बसतो (त्या प्लेयरांच्या खऱ्या मॅचमधल्या खेळावर मग पॉइंट मिळतात) आणि सातव्या-आठव्या राउंडला त्याला दिसतं की अरे, किकर, म्हणजे पायाने बॉल खांबांमधून मारणारा, म्हणून एक जागा आहे आणि यादीत पॉइंट तर चांगले दिसतायत, मग तो खुशाल बेस्ट किकर उचलतो. चॅटमध्ये बाकीचे अकरा जण हसतात, ह्याला कळत नाही का हसतायत ते.

हा लेख त्याच्यासाठी. आणि ज्यांना कळतं पण तरी दरवर्षी तेच करतात त्यांच्यासाठी पण.

किकर लवकर घेणं

ड्रीम इलेव्हनची सवय असलेल्यांचा इथे पहिला घोळ होतो. तिकडे कोहली सगळ्यांच्याच टीममध्ये असू शकतो, इकडे तसं नाहीये, एखादा प्लेयर एकाने उचलला की तो बाकीच्यांसाठी गेला, अख्ख्या सीझनसाठी. त्यामुळे प्रत्येक पिकला विचार असा करायचा की आत्ता हा घेतला नाही तर पुढच्या फेरीत ह्याच्याइतका चांगला कुणी उरेल का. रनिंग बॅकच्या, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याच्या, बाबतीत उत्तर असतं नाही, उरणार नाही. किकरच्या बाबतीत उत्तर असतं हो, डझनभर उरतील.

एनएफएलमध्ये 32 टीम, म्हणजे 32 किकर. तुमच्या लीगमध्ये 12 जण, प्रत्येकाला एकच लागतो, म्हणजे वीसेक किकर तसेच मोकळे फिरतायत. पहिल्या नंबरचा आणि बाराव्या नंबरचा ह्यांच्यात आठवड्याला सरासरी दोन-तीन पॉइंटचा फरक पडतो, आणि मुख्य म्हणजे पहिल्या नंबरवर कोण येणार हे ऑगस्टमध्ये कुणालाच सांगता येत नाही. तेवढ्यासाठी आठव्या राउंडचा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, सोडायचा? ड्राफ्ट साधारण 15-16 राउंडचा असतो, किकर शेवटच्या राउंडला घ्या, फारच जीव अडकला असेल तर शेवटच्या दोनात. किकर म्हणजे कोथिंबीर आहे, सगळी भाजी घेऊन झाली की शेवटी घ्यायची आणि आठवड्याने नवीन आणायची.

खऱ्या एनएफएलच्या टीमनीसुद्धा ह्यात हात पोळून घेतलेत बरं का. टॅम्पा बे बकनीअर्सनी 2016 च्या ड्राफ्टला रॉबर्टो अग्वायो नावाचा किकर चक्क दुसऱ्या राउंडला घेतला, कॉलेजात तो जबरदस्त होता, पहिल्या सीझनला 31 पैकी 22 फील्ड गोल (खेळ चालू असताना खांबांमधून मारलेली किक, खऱ्या मॅचमध्ये कितीही लांबून मारली तरी तीन पॉइंट) बसले आणि पुढच्या सीझनआधी त्याला घरी पाठवला.

मागच्या वर्षीचे पॉइंट बघून घेणं

ॲपमध्ये यादी उघडली की मागच्या सीझनच्या आकड्यांनी लावलेली दिसते, आपण वरून पहिला घेतो. बॅटरच्या सरासरीसारखा हा आकडा टिकेल असं वाटतं, पण किकरचे आकडे टिकत नाहीत कारण ते निम्मे त्याचे नसतातच, ते टीमचे असतात.

जस्टिन टकरचं उदाहरण घ्या. तेव्हा बाल्टिमोर रेव्हन्सचा, 2021 ला डेट्रॉइटमध्ये 66 यार्डावरून मारलेला त्याचा बॉल दांडीवर आपटून पलीकडे पडला होता आणि तो तेव्हाचा रेकॉर्ड होता, वर्षानुवर्षं सगळ्यात अचूक किकर म्हणून लोक त्याला बाकीच्या किकरांच्या आधी उचलायचे. 2024 ला तोच टकर 30 पैकी 22. आठ चुकले. ज्यांनी नाव बघून घेतला ते नोव्हेंबरपर्यंत धरून बसले होते, आता सुधारेल मग सुधारेल करत.

उलट बाजूला ब्रँडन ऑब्री. हा माणूस आधी सॉकर खेळायचा, ते जमलं नाही म्हणून सॉफ्टवेअर इंजिनिअर झाला (आपल्या लोकांना हा भाग विशेष आवडतो), मग यूएसएफएल नावाच्या छोट्या लीगमध्ये किका मारल्या आणि 2023 ला डॅलस काउबॉईजनी घेतला. करिअरचे पहिले 35 फील्ड गोल लागोपाठ बसवले, आणि त्या सीझनला 157 पॉइंट करून लीगमधल्या सगळ्या किकरांच्या वर गेला. त्या वर्षी बहुतेक लीगमध्ये तो ड्राफ्ट झालाच नव्हता, जे जागे होते त्यांनी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फुकटात उचलला.

आता तोच ऑब्री लोक कितव्या राउंडला घेतात ते बघा. चांगला आहे हो, नाही कोण म्हणतो, इमारतीएवढ्या लांबून मारतो, पण फुकटात मिळालेला माणूस आणि नवव्या राउंडचा पिक घालवून मिळालेला माणूस ह्यात फरक आहे.

पाय बघणं, टीम न बघणं

मला विचाराल तर खरी चूक ही आहे, बाकीच्या ह्यातूनच निघतात. किकर किती लांब मारतो ह्यापेक्षा त्याला मारायला किती वेळा बोलावतात ते महत्त्वाचं, आणि बोलावणारा कोच असतो.

नेहमीचा हिशोब असा असतो की 40 यार्डाच्या आतला फील्ड गोल 3 पॉइंट, 40 ते 49 ला 4, पन्नासच्या पुढे 5, आणि टचडाउननंतरची किक (एक्स्ट्रा पॉइंट) बसली तर 1. अंतर कसं मोजतात ते पण समजून घ्या नाहीतर मॅच बघताना डोकं चालत नाही: बॉल जिथे आहे त्यात 17 यार्ड मिळवायचे, दहा एंड झोनचे, म्हणजे गोलच्या रेषेमागच्या पट्ट्याचे, आणि सात मागे बॉल ठेवतात त्याचे. म्हणजे बॉल समोरच्यांच्या 30 यार्ड लाइनवर अडकला की किक 47 ची, तुम्हाला 4 पॉइंट.

तर मग कुठल्या टीमचा किकर हवा? जी टीम सारखी टचडाउन करते तिचा हवा असं वाटतं, पण टचडाउनला किकरच्या वाट्याला एकच पॉइंट येतो. आणि जी टीम अगदीच भंगार आहे ती तिथपर्यंत पोचतच नाही. हवी कुठली, तर जी टीम मैदानाच्या मध्यातून आरामात पुढे येते आणि शेवटच्या वीस-तीस यार्डात घोडं पेंड खातं अशी. पिट्सबर्ग स्टीलर्स 2024 ला अगदी तशी होती. पहिल्याच मॅचला अटलांटात 18-10 ने जिंकले, एक पण टचडाउन नाही, सगळेच्या सगळे 18 पॉइंट ख्रिस बॉसवेलच्या सहा फील्ड गोलचे. नोव्हेंबरमध्ये बाल्टिमोरविरुद्ध परत तेच, 18-16, परत सहा, आणि समोरून टकरने दोन चुकवले. एकाच मैदानावर, एकाच हवेत. सीझनअखेर बॉसवेल 44 पैकी 41, एकूण 158 पॉइंट, सगळ्या किकरांत वर.

आता कोचकडे या. डेट्रॉइटचा डॅन कॅम्पबेल चौथ्या डाउनला, म्हणजे दहा यार्ड पुढे जायच्या शेवटच्या प्रयत्नाला, किक मारायच्या ऐवजी जुगार खेळणारा म्हणून प्रसिद्ध आहे. फिलाडेल्फिया ईगल्सना एक यार्ड हवा असला की क्वार्टरबॅकला, म्हणजे पास टाकणाऱ्याला, मागून ढकलत पुढे नेतात, ती टश पुशची भानगड, तिथे पण किकर बाकावर बसून बघत राहतो. ह्या चांगल्या टीम आहेत, जिंकतात, एक्स्ट्रा पॉइंट भरपूर मिळतात, पण तीन-तीन पॉइंटवाल्या संधी त्यांचे कोच स्वतःच खाऊन टाकतात. एवढं लक्षात ठेवून मग नाव निवडा.

एक सोपी युक्ती आहे. बेटिंगवाले प्रत्येक मॅचला एकूण किती पॉइंट होतील आणि कोण कितीने जिंकेल हे छापतात, पैसे लावायची काही गरज नाही, नुसतं वाचायचं. समजा एकूण 46 आणि घरची टीम 4 ने पुढे, तर 46 अधिक 4 म्हणजे 50, त्याचे निम्मे 25, म्हणजे घरची टीम 25 करेल आणि समोरची 21 असा त्यांचा अंदाज. ज्या टीमचा आकडा 24-25 च्या आसपास किंवा वर आहे, जी जिंकायची शक्यता जास्त आहे आणि जी घरच्या मैदानावर आहे तिचा मोकळा किकर शोधायचा. जिंकणारी टीम का, तर शेवटच्या क्वार्टरला दहाने मागे पडलेली टीम तीन पॉइंटवर समाधान मानत नाही, तिला टचडाउनच लागतो.

छप्पर आणि वारा

दहा स्टेडियमना छप्पर आहे, काहींचं उघडझाप होणारं: डेट्रॉइट, मिनिआपोलिस, न्यू ऑर्लीन्स, लास वेगस, लॉस एंजेलिस, डॅलस, ह्यूस्टन, इंडियानापोलिस, अटलांटा, ॲरिझोना. दोन किकर सारखेच वाटत असतील तर छपराखालचा घ्या, विषय संपला. डेन्व्हरला छप्पर नाही पण शहर मैलभर उंचीवर आहे, हवा विरळ, बॉल लांब जातो, मॅट प्रेटरने 2013 ला तिथूनच 64 यार्डाची मारली होती आणि ती पण डिसेंबरमध्ये.

बर्फ दिसला की लोक घाबरतात, पण खरा वैरी वारा आहे. डिसेंबर 2021 ला बफेलोत असा वारा सुटला होता की न्यू इंग्लंडने पूर्ण मॅचमध्ये फक्त तीन पास टाकले, आणि तरी जिंकले. अशा दिवशी किकरकडून काय अपेक्षा ठेवणार. फँटसीचे प्लेऑफ साधारण 15 ते 17 व्या आठवड्यात असतात म्हणजे ऐन डिसेंबरमध्ये, तेव्हा बफेलो, क्लीव्हलँड, शिकागो इथल्या मॅचचा वाऱ्याचा अंदाज रविवारी सकाळी बघायचा, गुरुवारचा अंदाज काही खरा नसतो.

किरकोळ वाटणाऱ्या पण नडणाऱ्या गोष्टी

दोन किकर ठेवू नका. एकाला बाय वीक आहे, म्हणजे त्या आठवड्यात त्याच्या टीमची मॅचच नाही, म्हणून दुसरा आणून दोघंही बेंचवर पाळणारे लोक असतात, त्या जागेवर एखादा बॅकअप रनिंग बॅक ठेवा, त्याच्या पुढचा मुख्य प्लेयर जखमी झाला तर तो सोन्याचा होतो. बाय वीक आला की किकर सोडा, दुसरा घ्या, प्रेमात पडण्यासारखं त्यात काही नाही.

ड्राफ्ट ऑगस्टच्या मध्यात असेल तर कुठल्या टीममध्ये अजून दोन किकरांची चुरस चालू आहे ते बघा. महिनाअखेरीस टीमना 53 जणांवर यायचं असतं, किकर बहुतेक ठिकाणी एकच राहतो, आणि तुम्ही घेतलेला नेमका दुसरा निघाला तर बसा.

लीगचे नियम चालत असतील तर ड्राफ्टला किकर घेऊच नका. हे ऐकून लोक वेड्यात काढतात, पण सीझन सुरू व्हायला आठवडाभर असतो, त्या काळात प्रॅक्टिसमध्ये कुणी ना कुणी जखमी होतंच, तुमच्याकडे त्याच्या जागी खेळणारा जादाचा रनिंग बॅक असेल तर लॉटरी. नाहीच काही झालं तर पहिल्या मॅचच्या आधी सगळ्यात निरुपयोगी माणूस सोडून किकर उचला. काही लीगमध्ये ॲप ड्राफ्टलाच सगळ्या जागा भरायला लावतं, ते कमिशनरला, म्हणजे लीग चालवणाऱ्याला, आधी विचारून घ्या.

आणि स्कोअरिंगचं पान वाचा हो, दोन मिनिटं लागतात. काही लीगमध्ये चुकलेल्या किकला पॉइंट वजा होतात, काहींमध्ये यार्डाच्या हिशोबाने दशांशात पॉइंट मिळतात, तिथे लांब मारणारा खरंच महाग होतो. तसंही आता लांबच्या किका वाढल्यात, टचबॅकनंतर, म्हणजे सुरुवातीची किक थेट एंड झोनमध्ये गेली आणि ती पुढे पळवली नाही तर, बॉल 2025 पासून स्वतःच्या 35 यार्ड लाइनवरून सुरू होतो म्हणजे टीम निम्मं काम झाल्यासारखीच सुरुवात करते, आणि त्याच सीझनला जॅक्सनव्हिलच्या कॅम लिटलने वेगसमध्ये 68 ची बसवून टकरचा रेकॉर्ड मोडला.

झालं ते झालं, आता काय

किकरने एक पॉइंट दिला तर लगेच हाकलायचा का? आधी बघा की किती वेळा मारायला मिळालं. चार मारले आणि दोन चुकले, टीम मात्र सारखी पुढे जातेय, तर अजून एक आठवडा ठेवा, संधी मिळतायत ना. एकदाच बोलावलं आणि पुढचे दोन सामने पण तगड्या डिफेन्सविरुद्ध, तर सोडा. आणि लागोपाठ दोन मॅचला सोप्या किका चुकल्या आणि टीमने दुसऱ्या किकर्सना ट्रायलला बोलावल्याची बातमी आली, तर वाट बघू नका, खरी टीम त्याला तुमच्या आधी काढेल.

किकरवर वेव्हरचं बजेट, म्हणजे मोकळ्या प्लेयरांवर बोली लावायचे लीगमधले पैसे, खर्च करू नका. बुधवारी सकाळी वेव्हर झाले की उरलेल्यांतून फुकट मिळतो तो घ्या, फारतर एक डॉलर.

वेळेचं एक सांगायचं राहिलं, विशेषतः पुण्या-मुंबईतून अमेरिकेतल्या मित्रांच्या लीगमध्ये खेळणाऱ्यांना. गुरुवारची मॅच तुमच्याकडे शुक्रवारी पहाटे पावणेसहाला सुरू होते, नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं मागे गेली की पावणेसातला, त्यामुळे गुरुवारी रात्री झोपण्याआधी टीम लावून ठेवा. रविवारच्या मॅच रात्री साडेदहा-साडेअकराच्या असतात, ते सोपं आहे. फसगत होते ती लंडन-बर्लिनच्या मॅचला, त्या इस्टर्न टाइमने सकाळी साडेनऊला चालू होतात, कॅलिफोर्नियावाले तेव्हा अंथरुणात असतात. एकदा का तुमच्या किकरची मॅच सुरू झाली की तो लॉक, ना बदलता येत ना सोडता येत. त्यामुळे दुखापतीची शंका असलेला किकर असेल तर त्याच्या जागी लवकरच्या मॅचचा नको, सोमवार रात्रीच्या मॅचमधला एखादा मोकळा किकर कोण आहे ते आधीच हेरून ठेवा.