‘एफ द्या’ म्हणालो अन् मधात अडकलो: लांबच्या फ्लाइटची सीट घेताना या चुका टाळा

नागपूर-मुंबई, नागपूर-पुणे करून करून माझ्या डोक्यात एक पक्कं बसलं होतं, ए आणि एफ म्हणजे खिडकी. छोट्या विमानात ते खरंच आहे, तीन इकडे तीन तिकडे अन् मधात एक रस्ता. पहिल्यांदा मुलीकडे अमेरिकेला निघालो तेव्हा सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, काउंटरवर रुबाबात सांगून दिलं, पुढच्या मोठ्या फ्लाइटलापण एफच द्या, अन् शेजारची मिसेसला. मिळाली बाप्पा. आत जाऊन पाहतो तर एफ चार सीटच्या मधल्या ओळीत, खिडकी पार तिकडे, एका बाजूला झोपलेला अनोळखी माणूस अन् दुसऱ्या बाजूला ई वर बायको. ती एवढंच म्हणाली, "अजून मागा एफ." पुढचे चौदा तास त्या विषयावर काही बोलणं झालं नाही, अन् बाकी विषयांवरपण फारसं नाही.

तर पहिली चूक हीच, सीटचा नंबर पाहायचा अन् विमान पाहायचंच नाही. बोइंग ७७७ मधे बहुतेक कंपन्या आता एका रांगेत दहा सीट बसवतात, ए बी सी, मग डी ई एफ जी, मग एच जे के. खिडकी म्हणजे ए आणि के, रस्त्याची सीट म्हणजे सी, डी, जी, एच. आय नावाची सीट नसतेच, कारण ते अक्षर इंग्रजी 1 आकड्यासारखं दिसते. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० मधे बहुतेक ठिकाणी तीन-तीन-तीन. एअरबस ए३३० मधे दोन-चार-दोन, नवराबायकोसाठी याच्यासारखं विमान नाही, कारण खिडकीकडे दोघंच, तिसऱ्याला उठवायची भानगड नाही. ए३८० च्या वरच्या मजल्यावर इकॉनॉमी असेल तर तिथंही दोन-चार-दोन. रुंदीचं म्हणाल तर दहा सीटवाल्या ७७७ मधे अन् ७८७ मधे सीट साधारण १७ इंचाची, ए३५० आणि ए३८० मधे साधारण १८. एक इंच म्हणजे काय मोठं असं तिकीट काढताना वाटते, रात्री तीन वाजता शेजाऱ्याचं कोपर बरगडीत आलं की कळते.

दुसरी चूक म्हणजे दोन फ्लाइटपैकी एकीचीच सीट घेणं. आपल्याकडून दोहा म्हणा, मुंबई म्हणा, दिल्ली म्हणा, कुठं तरी बदलावंच लागते, अन् ज्यांनी लहान फ्लाइटसाठी पैसे भरून पुढची सीट घेतली पण मोठीवर "आपोआप मिळेल" म्हणून सोडून दिलं असे लोक माझ्या ओळखीत खूप आहेत. चार तास कुठंही बसा हो, पैसे मोठ्या फ्लाइटवर घाला. अन् तिकीट एका कंपनीचं पण विमान दुसरीचं असेल तर ज्यांचं विमान आहे त्यांचा पीएनआर वेगळा असतो, तो मागून घ्या, सीट त्यांच्याच साइटवर दिसते.

आता एक्झिट रोचं, म्हणजे आणीबाणीच्या दाराजवळच्या रांगेचं. सगळे तिथंच धावतात, पाय पसरायला मिळतात म्हणून. पण गुडघे दुखतात म्हणून जो ती सीट घेतो त्यालाच ती देत नाहीत, कारण गरज पडली तर दार उघडायला मदत करता आली पाहिजे असा नियम आहे. म्हातारे-आजारी, गरोदर बाई, लहान पोट्टे, कोणालाच नाही. ऑनलाइन पैसे भरून मोकळे होतात अन् गेटवर उठवलं की भांडत बसतात. शिवाय दारालगतच्या खिडकीच्या सीटपुढे आणीबाणीत उतरायच्या घसरगुंडीचा तो फुगलेला डबा येतो, म्हणजे पैसे दिले पाय पसरायचे अन् एक पाय तिरपाच. दाराजवळ थंडीपण वाजते, अन् टॉयलेटची लाइन तुमच्या पायाशीच उभी.

भिंतीसमोरची पहिली रांगही तशीच फसवी. ट्रे आणि स्क्रीन हँडलमधून निघतात म्हणून हँडल वर होत नाही, सीट थोडी आवळ, टेकऑफ-लँडिंगला पर्सपण वर ठेवावी लागते, अन् बाळाचे पाळणे तिथंच लागतात. तुमचंच तान्हं असेल तर मात्र डोळे मिटून हीच सीट घ्या, फोन करून पाळणा आधीच मागून ठेवा.

एकट्यानं जाणाऱ्यांसाठी माझं एक ठाम मत. रस्त्याची सीट हवी असेल तर मधल्या भागाची घ्या, डी किंवा जी. सी वर बसलात तर आतले दोघंही तुम्हालाच उठवणार, डी वर मात्र फक्त शेजारचा, कारण त्याच्या पलीकडचा दुसऱ्या बाजूनं निघतो. अन् तुम्ही स्वतः दर दोन तासांनी उठून फिरा, चार तासांपेक्षा लांब प्रवासात पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो, हे डॉक्टर उगाच सांगत नाहीत.

खिडकीवाल्यांनो, काही "खिडकीच्या" सीटला खिडकीच नसते, नुसती भिंत. काही सीटखाली स्क्रीनचा डबा असतो, एक पाय कायमचा घरी ठेवून आल्यासारखा. शेवटची रांग अन् एक्झिटच्या पुढची रांग बरेचदा मागे झुकत नाही. हे सगळं एरोलोपासारख्या साइटवर मापात काढलेल्या नकाशात पाहायला मिळते, पाच मिनिटं लागतात. हादरे कमी हवे तर पंखाच्या आसपास बसा, शेपटीकडे जास्त हलते. दिवसा पश्चिमेला जाताना ऊन बहुतेक डाव्या बाजूनं येते, म्हणजे ए कडून, आपण नागपूरवाले मे महिना सोसून जातो तर निदान विमानात तरी के घ्या.

सीट घेऊन झाली तरी विमान बदललं की नंबर बदलतो, हे फार होते. म्हणून निघायच्या दोन-तीन दिवस आधी अन् चेक-इन उघडल्यावर परत एकदा बघा. बदलली असेल अन् पैसे भरले असतील तर पावती दाखवून तेवढे पैसे परत मागा. पोरं सोबत असतील तर एप्रिल २०२४ पासून डीजीसीएचे, म्हणजे विमानांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याचे, आदेश आहेत, त्याच पीएनआरवरच्या १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला आई किंवा बाबा, एकाजवळ तरी बसवायचं. काउंटरवर शांतपणे तेवढंच सांगा.

अन् आत गेल्यावर कोणाशी सीट बदलली तर क्रूला सांगा. परतीच्या वेळी मी उदारपणे एका बाईला माझी सीट देऊन मागे जाऊन बसलो, अन् माझं आधीच सांगितलेलं शाकाहारी जेवण सीट नंबरप्रमाणे तिच्याकडे गेलं. माझ्यापर्यंत गाडी आली तेव्हा फक्त चिकन उरलं होतं. तसं मला सावजीचं वावडं नाही हो, पण तो शनिवार होता. बायकोच्या पर्समधल्या संत्रा बर्फीवर काढले ते तास.