कोलंबो ते माले: विमानाचं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढावा

श्रीलंका फिरून पुढे मालदीवला जायचा बेत असेल, तर तिकिटावरच्या दोन वेळांची नुसती वजाबाकी करू नका. समजा, विमान सकाळी 8 ला निघून 9 ला पोहोचणार असं लिहिलं आहे. हा प्रवास तासाचा नाही, दीड तासाचा आहे. खरा हिशेब घरबसल्या करता येतो, शाळेतलं गणित पुरतं.

आधी दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. मोबाइलच्या नकाशावर त्या जागी बोट दाबून धरलं की ते दिसतात. शहराचं नाव टाकून मात्र घेऊ नका. कोलंबोचा विमानतळ शहरापासून सुमारे 30 किलोमीटर उत्तरेला कटुनायकेला आहे, आणि मालेचा तर हुल्हुले या वेगळ्याच बेटावर. कटुनायके 7.18 उत्तर, 79.88 पूर्व. हुल्हुले 4.19 उत्तर, 73.53 पूर्व.

आता फरक काढा. अक्षांशांचा 2.99, रेखांशांचा 6.35. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर साधारण 332 किलोमीटर. रेखांशाच्या रेषा ध्रुवांकडे एकमेकींच्या जवळ येत जातात, म्हणून तिथे 111 ला सरासरी अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. इथे 5.7 अंशांचं कोसाइन 0.995, म्हणजे जवळजवळ 1. विषुववृत्ताजवळ ही पायरी गाळली तरी चालून जातं. आइसलंडसारख्या उत्तरेकडच्या बेटावर गाळलीत, तर पूर्व-पश्चिम अंतर दुपटीहून जास्त येईल. आपलं उत्तर येतं सुमारे 701. मग पायथागोरस: 332 आणि 701 यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा. सुमारे 776 किलोमीटर. एवढ्या जवळच्या बेटांसाठी ही रीत पुरेशी अचूक आहे.

जेट विमानाचा वेग ताशी 800 किलोमीटर धरला, तर हे अंतर तासाभरात संपतं. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरताना वेग कमी करणं यांची साधारण अर्धा तास भर घाला. झाला दीड तास. वाऱ्याने यात काही मिनिटांचा फरक पडतो. पावसाळ्यात खाली समुद्रावर नैर्ऋत्येचा वारा असतो, पण विमान उडतं त्या उंचीवर वारा पूर्वेकडून वाहतो, म्हणजे मालेला जाताना तो पाठीशी मिळतो.

सगळ्यात मोठी चूक होते ती घड्याळात. श्रीलंकेची वेळ आणि आपली वेळ एकच, त्यामुळे कोलंबोत घड्याळाला हात लावावा लागत नाही आणि पुढेही ते लक्षात राहत नाही. मालदीव मात्र अर्धा तास मागे आहे. जाताना पोहोचायच्या वेळेत अर्धा तास मिळवून मग वजाबाकी करा, परतताना तोच अर्धा तास वजा करा.

रिसॉर्टला सीप्लेनने जाणार असाल, तर मालेला दुपारी साडेतीनच्या आत उतरेल असंच विमान निवडा. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. उशीर झाला, तर ती रात्र माले किंवा हुल्हुमालेत काढावी लागते आणि रिसॉर्टचे भरलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत. स्पीडबोटीने जाता येईल असं जवळचं बेट निवडलं, तर ही धास्ती बरीच कमी होते. शिवाय काही रिसॉर्ट आपल्या बेटाचं घड्याळ मालेच्या एक तास पुढे ठेवतात. म्हणून परतीच्या बोटीची वेळ कोणत्या घड्याळाने सांगितली आहे, ते आधीच विचारून घ्या.