गणपतीत गावी जाताना साखर सांभाळायची माझी रीत (मोदकासकट)

आमच्या घरी तीन नारळांच्या चवाला अर्धा किलो गूळ पडतो आणि तेवढ्या सारणात ४२ मोदक बसतात. एकवीस बाप्पाचे, एकवीस घरच्यांचे. म्हणजे एका मोदकात साधारण १२ ग्रॅम गूळ. हा हिशोब मी चुलीपुढे बसून केला, हाताला उकड चिकटलेली असताना. त्या वर्षी जुलैत माझं एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी, ७.४ आलं होतं. ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात. डॉक्टरीणबाईंनी गोळी सुरू केली आणि मी ठरवून टाकलं, यंदा गोडाला हात लावायचा नाही.

नाही लावला. मोदक नाही, पातोळे नाहीत, घाटलं नाही. काकी, म्हणजे माझ्या चुलत सासूबाई, दर पंगतीला म्हणायच्या, "डायबिटीस आसा म्हणान काय उपाशी रवतलंस?" मी नुसती हसायची. तरीही ग्लुकोमीटरवर संध्याकाळचे आकडे दोनशेच्या वरच. आणि तिसऱ्या रात्री, सगळे भजनाला गेलेले असताना, माजघरात उभ्या उभ्या डब्यातल्या चार करंज्या खाल्ल्या. मला करंजी विशेष आवडतसुद्धा नाही.

त्याला आता सहा गणपती झाले. डोंबिवलीहून निघायचं, कुडाळला उतरायचं, पाच दिवस घरात वीस-बावीस माणसं. त्यात हळूहळू जी रीत बसली ती लिहिते. मोदक तिच्यात आहेत.

आधी चहा मोजा

वाडीत दर्शनाला फिरावंच लागतं. एका संध्याकाळी सहा-सात घरं होतात आणि प्रत्येक पडवीत कपभर चहा येतो. आमच्याकडच्या चहात दोन चमचे साखर म्हणजे हात आखडता घेतला असं समजतात. दोन चमच्यांची ८ ते १० ग्रॅम धरा. सहा घरांत पन्नास ग्रॅमच्या घरात गेलात. चार मोदकांची गोडी पोटात गेली, आणि नारळ नाही, वेलची नाही, हळदीच्या पानाचा वास नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची जी मार्गदर्शक सूत्रं काढली त्यांत वरून घातलेली साखर दिवसाला २० ते २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलंय, आणि ते मधुमेह नसलेल्या माणसांनाही. माझा दिवसाचा वाटा तिसऱ्या घरी संपत होता. मी मात्र मोदकाकडे पाठ फिरवून स्वतःवर खूश!

चहा टाळायचा तर वेळ साधावी लागते. गावी पाणी, साखर, चहापूड सगळं एकाच टोपात उकळतं. कप समोर आल्यावर "साखर नको" म्हणून उपयोग नाही, घरच्या बाईला फक्त ओशाळं होतं. पायरी चढतानाच आत ऐकू जाईल असं सांगायचं, "वैनी, माका कोरी चाय, साखर नको." आधणात साखर पडायच्या आत. पहिल्या वर्षी दोन घरांत भुवया वर गेल्या. आता मला बघितलं की वेगळं भांडं चढतं.

प्रसाद मात्र नाकारायचा नाही. पंचखाद्याची चिमूट तोंडात टाकायची, लाडू कागदात बांधून पिशवीत. घरी पोरं वाटच बघत असतात.

वैनींना फोन

निघायच्या आठवडाभर आधी थोरल्या जाऊबाईंना फोन करते. स्वयंपाकघर त्यांच्या हातात आहे. पहिलं वाक्य, "माझ्यासाठी वेगळं काही करायचं नाही." वेगळं जेवण म्हणजे आणखी एक चूल, आणि त्याचा राग पाच दिवस पुरतो. दुसरं वाक्य, "उसळ आणि रिशीची भाजी माझ्याकडे." ज्याच्या हातात टोप, वाटण किती घालायचं ते तोच ठरवतो.

काळ्या वाटाण्याच्या उसळीला आमच्याकडे चांगलं नारळभर वाटण लागतं. मी अर्धा नारळ घेते आणि शिजलेले दोन मुठी वाटाणे त्याच वाटणात वाटते. रस तेवढाच दाट होतो. काकींनी ओळखलं असणार, पण अजून तरी काही बोललेल्या नाहीत.

रिशीच्या भाजीबद्दल तर मला दोन शब्द जास्तच बोलायचेत. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून परसातलं आणि वईवरचं जे सापडेल ते एका टोपात जातं: अळू, माठ, भेंडी, पडवळ, दोडकं, लाल भोपळा, सुरण, मक्याची कणसं, आंबटाला आंबाडे. अळू-सुरणाने घशाला खाज सुटू नये म्हणून ते आंबट लागतंच. फोडणी नाही, मसाला नाही. हिरवी मिरची, मीठ, वरून थोडं खोबरं. शहरात डाएटच्या नावाखाली वाडगाभर सॅलडचे तीनशे रुपये मोजतात, आणि आमच्याकडे ही भाजी वर्षातून एक दिवस होते, संध्याकाळी उरलेली कोणी बघत नाही. मी ती दुसऱ्या दिवशीही खाते, मुरलेली जास्त चांगली लागते. एकच लक्षात ठेवायचं: सुरण, कणीस, भोपळा याच्यात पिष्ट असतं, तेव्हा त्या दिवशी भात निम्मा.

आरतीपर्यंत उपाशी राहू नका

चतुर्थीला प्रतिष्ठापना, पूजा, नैवेद्य, आरत्या करता करता पान मांडायला दोन वाजतात. तोवर उपाशी राहिलं की दोन वाजता माणूस जेवत नाही, तुटून पडतो. मी साडेआठला एक आंबोळी आणि वाटीभर मुगाची उसळ खाऊन घेते. पहिल्यांदा कुजबुज झाली. मी सांगितलं, गोळी घ्यायची तर पोटात काहीतरी हवं. औषधाचं नाव घेतलं की सोवळंही जरा सैल होतं.

हे गमतीत सोडू नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर उपाशीपोटी साखर एकदम उतरू शकते. घाम फुटला, हात कापायला लागले, तर लगेच तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. हरतालिकेचा निर्जळी उपास करणाऱ्यांनी गावाला निघायच्या आधीच डॉक्टरांना विचारावं, गोळीत स्वतःच्या मनाने फेरफार करू नये. मी तो उपास सोडला. काकींनी माझ्या वाटचा धरला, असं त्या म्हणतात.

आणखी एक जागा सांभाळायची ती म्हणजे कढई. नैवेद्याचं चाखायचं नसतं, त्यामुळे चतुर्थीच्या सकाळी धोका नाही. धोका आदल्या दोन दिवसांत. फुटलेली करंजी नैवेद्याला चालत नाही, ती तळणारीच्या तोंडात जाते. म्हणून मी तळायला बसत नाही, लाटायला बसते.

पानावर

केळीच्या पानावर डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाज्या-उसळ, मधे भाताची मूद. वाढायला बहुधा पुतणे असतात, त्यांना आधीच सांगून ठेवते: कोशिंबीर आणि उसळ दुप्पट, मूद एकच. आणि वाढून झालं की भाताला लगेच हात लावत नाही. कोशिंबीर, भाजी, उसळ निम्मी संपवायची, मग वरण-भात. भाजी आणि कडधान्य आधी गेलं की जेवणानंतरची साखर सावकाश चढते, हे मी माझ्या बोटाला टोचून बघितलंय. सोलकढी वाटीभर, पिंपभर नाही. तीही नारळाच्या दुधाचीच आहे.

मोदक जेवणातच खायचे. दोन. वर तूप, फोडून, सावकाश. दोन म्हणजे २४ ग्रॅम गूळ, त्या दिवसाची गोडी संपली. संध्याकाळी कोरा चहा. अशा दिवशी जेवणानंतर दोन तासांनी माझा आकडा १६०-१७० येतो. मोदक न खाता गोड चहा पीत फिरले त्या संध्याकाळी २३४ होता. हे माझे आकडे, तुमचे तुम्ही मोजा. आमचे भावोजी "गुळाचं चालतं गो" म्हणत सहा मोदक उडवतात. चालत नाही. गूळ ही मुख्यतः साखरच आहे, रंग वेगळा.

आग्रह

"डॉक्टरांनी नको सांगितलंय" असं पंगतीत कधी म्हणू नये. लगेच चार जण आपापले डॉक्टर काढतात, कोणाचा मामा कारल्याच्या रसाने बरा झालेला असतो, आणि तेवढ्यात पानावर मोदक पडलेला असतो. मी एकच शब्द वापरते: "मागून घेते." वाढणाऱ्याचा मान राहतो, तो पुढच्या पानाकडे जातो. काकींपुढे मात्र हे चालत नाही. त्या "वर्साक एकदा येता गणपती" म्हणत स्वतः मोदक घेऊन येतात. म्हणून दुसरा मोदक मी त्यांच्यासाठी राखून ठेवते, म्हणजे त्यांच्या हातूनच घेते. त्यांना जिंकल्यासारखं वाटतं, माझा हिशोब मोडत नाही.

मग काय

जेवणानंतर आडवं व्हायचं नाही. वीस माणसांची भांडी विहिरीवर न्यायची असतात, तिथे माझा नंबर लावून घेते. नाहीतर खळ्यातून पाणंदीपर्यंत दोन फेऱ्या. पंधरा मिनिटं चाललं तरी आकड्यात फरक दिसतो. गौरीच्या रात्रीची फुगडी तर वेगळी सांगायला नको, दुसऱ्या दिवशी पोटऱ्या सांगतात.

भजनाला बसलं की रात्री बाराला उसळ-पाव येतो. उसळ घ्यायची, पाव शेजारच्याला.

विसर्जनानंतर वडे-सागोतीचा बेत असतो. दोन वडे, तुकडे जास्त, रस्सा बेताचा. त्यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही, त्या दिवशी सगळेच थकलेले असतात आणि आग्रहालाही दम उरलेला नसतो.

खरी परीक्षा निघतानाची. वैनी लाडू-करंज्यांचे तीन डबे भरतात आणि ते डोंबिवलीत पंधरा दिवस पुरतात, रोज चहाबरोबर एक. म्हणून आता मी आदल्या रात्रीच मागून घेते: कुळथाचं पीठ, सोलं, काळे वाटाणे, उकडे तांदूळ, आणि पिकला असेल तर एक चिबूड. पिशवी भरलेली दिसली की डबे तिनावरून एकावर येतात. तो एक मी गाडीतच उघडते. रेल्वेच्या डब्यात सगळे गावाहून परतणारे, प्रत्येकाच्या मांडीवर असाच एकेक डबा, तरी दुसऱ्याकडच्या लाडवाला कोणी नाही म्हणत नाही. रत्नागिरी येईपर्यंत अर्धा होतो.