लॅप सर्जरीनंतरच्या सीआरपी, आयएल-६ वर थिसिस घ्यायचाय? मग आधी हे वाचा

सिनॉप्सिसची तारीख जवळ आली की जनरल सर्जरीचे ज्युनिअर्स हमखास विचारतात, लॅप कोलीनंतरचे (दुर्बिणीतून पित्ताशय काढल्यावरचे) इन्फ्लमेटरी मार्कर्स, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारी सीआरपी, आयएल-६ सारखी रक्तातली प्रोटीन्स, हा विषय घेऊ का? बिनधास्त घ्या, मी पण यातच थिसिस केलाय, फक्त एक डोक्यात पक्कं ठेवा की या विषयात सगळा खेळ वेळेचा आहे.

टिश्यूला इजा झाली की आयएल-६ पहिल्या काही तासांतच चढतो आणि साधारण २४ तासांच्या आत पीकला जाऊन उतरायला लागतो. त्याच्या सांगण्यावरून लिव्हर सीआरपी बनवतं, म्हणून सीआरपी मागून येतो, ४८ ते ७२ तासांनी टॉपला जातो, आणि हाफ लाईफ जेमतेम १९ तास असल्याने बनायचा थांबला की भराभर खाली येतो. आता एकाचं सॅम्पल ६ तासांनी घेतलं आणि दुसऱ्याचं सकाळच्या राउंडला आठवलं तेव्हा, तर टेबलमध्ये जो फरक दिसेल तो घड्याळाचा असेल, ऑपरेशनचा नाही. इन्सिजनची (चीर दिल्याची) वेळ ओटीतच लिहून घ्या. आयएल-६ चं सॅम्पल तर ताटकळत ठेवूच नका, लगेच सेंट्रिफ्यूज करून सीरम छोट्या छोट्या ट्यूब्जमध्ये वाटून उणे ८० च्या फ्रीजरला टाका, आणि नाव अशा मार्करने लिहा जो बर्फात पुसला जाणार नाही.

गाईडशी आधीच बोलून घ्यायची गोष्ट म्हणजे ओपन ग्रुप, म्हणजे मोठी चीर देऊन ऑपरेशन झालेले पेशंट. भारतात पहिली लॅप कोली डॉ. तेहेम्टन उदवाडियांनी १९९० मध्ये जे. जे. ला केली, तेव्हा ही तुलना खरी होती. आज ओपन होतात त्या बहुतेक अवघड किंवा कन्व्हर्ट झालेल्या (लॅपने सुरू करून ओपन कराव्या लागलेल्या) केसेस, ज्यांचा सीआरपी ऑपरेशनआधीच वर असतो, मग तुलना कसली? त्यापेक्षा पोट फुगवायला भरतात त्या सीओटू गॅसचं लो प्रेशर विरुद्ध नेहमीचं १२ ते १५ एमएमएचजी प्रेशर असा विषय जास्त प्रामाणिक वाटतो मला. अजून एक, उलटी होऊ नये म्हणून अ‍ॅनेस्थेशियावाले डेक्सा (डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड) देतात आणि स्टेरॉइडने सीआरपी दबतो, तेव्हा सगळ्यांना द्या नाहीतर कुणालाच नको, असं त्यांच्याशी आधी ठरवा. लॅबचं युनिटही बघा, १५ एमजी पर डेसिलिटर म्हणजे १५० एमजी पर लिटर.

व्हायव्हात हमखास विचारतात ते हे, की लॅपमध्ये आयएल-६ आणि सीआरपी ओपनपेक्षा कमी चढतात पण कॉर्टिसोल या स्ट्रेस हार्मोनमध्ये तसा ठळक फरक मिळत नाही, असं का? चीर लहान म्हणून टिश्यूची इजा कमी, पण पेरिटोनियम ताणलं जातं, सीओटू रक्तात जातो, आणि मेंदूकडे जाणारे स्ट्रेसचे सिग्नल त्याने काही थांबत नाहीत. मला स्वतःला हा भाग फार आवडतो, नीट वाचून जा.

आणि वॉर्डमध्ये डोळे उघडे ठेवा. लॅप कोलीच्या दुसऱ्या दिवशी टीएलसी (पांढऱ्या पेशींचा काउंट) थोडा वाढलेला, पण पेशंट चहा पितोय, पल्स ८०, पोट सॉफ्ट, तर घाबरायचं कारण नाही. मात्र लॅप कोलोरेक्टल (मोठ्या आतड्याच्या) ऑपरेशननंतर तिसऱ्या चौथ्या दिवशी सीआरपी १५० एमजी पर लिटरच्या वर असेल, किंवा कुठल्याही केसमध्ये उतरायच्या दिवशी वर चाललाय आणि पल्स पण वाढतीये, तर लीक (आतड्याच्या जोडातून किंवा पित्ताची गळती) आहे का ते शोधायचं, थिसिसच्या पुढच्या सॅम्पलची वाट बघायची नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी सिनिअरला फोन लावायचा.