हवेवर फिरतं, वाफेवर थांबतं: माझा अनुभव

डोलत्या सिलिंडरचं छोटं पितळी इंजिन. सायकलच्या पंपावर झकास फिरायचं. वाफ दिली की चार फेरे, मग सिलिंडर आणि पोर्टप्लेट (वाफेची भोकं असलेली पट्टी, जिला टेकून सिलिंडर डोलतो) यांच्या मधून फुसफुस. सिलिंडर पट्टीवर दाबून धरणारी स्प्रिंग आवळली तर जाम. तेल बदललं, पिस्टनला गुंडाळलेला, वाफ अडवणारा दोरा बदलला. कापूस वेचून झाला, मी पडवीत तिथेच!

दोष सिलिंडर ज्या पिनेवर डोलतो तिच्या भोकाशी होता. आटे पाडताना कड उचलली गेली होती, नखाला जेमतेम लागेल एवढी; त्यामुळे सिलिंडर पोर्टप्लेटला सपाट टेकत नव्हता. पिन काढली. मोठं ड्रिल हातानेच फिरवून कड मारली. सिलिंडर आणि पोर्टप्लेटच्या एकमेकांना टेकणाऱ्या दोन्ही तोंडांवर मार्करची शाई लावली. काचेवर ६०० चा पॉलिश पेपर, दोन थेंब तेल, आठच्या आकड्यासारखं घासलं. शाई पूर्ण गेल्यावर १००० चा. डिझेलने धुतलं. स्प्रिंग जेमतेम टेकेल इतकीच. थंड सिलिंडरात पहिल्या वाफेचं पाणी होतं, म्हणून चाक हाताने दहा-बारा वेळा फिरवलं. मग सुटलं ते थेट बॉयलरमधलं पाणी उतरेपर्यंत.